गाडी विकली, पण नाव राहिले

उत्तर तेलंगणातून आखाती देशांत मजुरीसाठी जाण्याची वहिवाट आता जुनी झाली आहे. निजामाबाद आणि करीमनगर या जिल्ह्यांची नावे त्या संबंधात नेहमी घेतली जातात. परंतु पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातूनही, विशेषतः निर्मळच्या बाजूने, पुष्कळ माणसे दुबई, मस्कत, दोहा या शहरांकडे गेली आहेत. जाणाऱ्याजवळ विकण्यासारखे असते तरी काय? जमीन वडिलांच्या नावावर, दागिने बायकोच्या अंगावरचे किंवा आधीच गहाण पडलेले. स्वतःच्या नावावर आणि चार दिवसांत रोख रकमेत रूपांतर होईल अशी वस्तू बहुधा एकच असते, ती म्हणजे मोटरसायकल. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी तिचे नाव फटफटी. ही फटफटी विकताना जी एक चूक सर्रास होते, तिच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

गाडी विकावी की ठेवून कर्ज काढावे, हा पहिला प्रश्न. सावकाराचा दर शेकडा दोन असा बोलला जातो आणि तो ऐकावयास सौम्य वाटतो. पण तो दरमहाचा असतो. साठ हजार रुपयांवर महिन्याला बाराशे, वर्षाला चौदा हजार चारशे, आणि दोन वर्षांच्या करारात अठ्ठावीस हजार आठशे रुपये नुसत्या व्याजाचे होतात. इकडे दारात उभी राहिलेली गाडी प्रत्येक पावसाळ्यात उतरत जाते. तेव्हा हिशेबाच्या दृष्टीने विकणेच बरे. मात्र घरात मागे राहणारे दुसरे कोणी ती चालविणार असेल, रात्रीबेरात्री म्हाताऱ्या आईला आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात न्यावे लागत असेल, तर नुसता व्याजाचा आकडा पाहून निर्णय करू नये. मागे राहणारा धाकटा भाऊ अठरा वर्षांखालील असेल, तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. तशा घरात गाडी न राहिलेलीच चांगली.

आता विक्री. आपल्याकडे ती कशी होते पाहा. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे आपली सोयरीक पसरलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून काढून तेव्हाच्या मुंबई राज्यात घातले गेले. नकाशावर रेघ पडली, पण नाती काही त्या रेघेने तुटली नाहीत. म्हणून आदिलाबादचा मामा आपली गाडी किनवटच्या किंवा पांढरकवड्याच्या भाच्याला देतो. पैसे हातात पडतात, चहा होतो, नोंदणीचे पुस्तक आणि किल्ली दिली जाते. भाचा म्हणतो, "नावाचं मी बघून घेतो, मामा, तुम्ही निर्धास्त जा." फार झाले तर दोन कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेतल्या जातात. मामा विमानात बसतो आणि गाडी त्याच्याच नावावर महाराष्ट्रात फिरत राहते.

यात धोका कोणता? मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २(३०) मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या दिली आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक, असा तिचा गाभा आहे. पूर्वीच्या १९३९ च्या कायद्यातील व्याख्येत नोंदणीचा असा उल्लेख नव्हता; नव्या कायद्याने तो मुद्दाम केला, कारण अपघातात जखमी झालेल्या माणसाने हातोहात फिरलेल्या गाडीचा खरा धनी कोठवर शोधीत हिंडावे? २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने याच व्याख्येवर एक महत्त्वाचा निर्णय दिला. त्या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. पुढे ती एकामागून एक अनेकांकडे गेली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्याच नावावर राहिली होती. न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावर ठेवली. गाडी विकून पैसे घेतले होते, ती आपल्या ताब्यात नव्हती, या गोष्टींचा त्याला उपयोग झाला नाही.

विम्याचे काय, असे कोणी विचारील. विमा चालू असेल तोवर संकट पुष्कळसे टळते. गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे गेला असे कायदा मानतो आणि त्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीस कळवावे अशी अपेक्षा ठेवतो. परंतु १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर त्रयस्थ व्यक्तीचा पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो. तो पुरा होण्याच्या वेळी मूळ मालक आखातात असतो, आणि विम्याचे पैसे पुन्हा भरण्याची घाई ज्याच्या नावावर गाडीच नाही अशा माणसाला थोडीच असते! मग पोलिसांच्या दंडाच्या पावत्याही जुन्या मालकाच्या भ्रमणध्वनीवर येत राहतात, आणि तो क्रमांक तर परदेशी गेल्यावर बहुधा बंद झालेला असतो. सुट्टीत घरी आल्यावर एकदम सारे कळते.

करावयाचे काम तसे थोडके आहे. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर ते फेडून नमुना क्रमांक ३५ भरावा आणि नोंदणीतील कर्जाची नोंद उडवून घ्यावी. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर नमुना क्रमांक २९ व ३० भरून द्यावे लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे असे कलम ५० सांगते. नदीपलीकडच्या माणसास विकावयाचे असेल, तर आधी नमुना क्रमांक २८ वर आपल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मुदत पंचेचाळीस दिवसांची मिळते. घेणाऱ्याला तिकडचा कर भरावा लागतो, म्हणून तो टाळाटाळ करतो. नाव न बदलण्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते, आणि किंमत ठरवितानाच त्या कराचे बोलून घेतले तर भांडण उरत नाही. कोऱ्या नमुन्यांवर सही करू नये. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आणि वेळ आपल्यासमोर लिहून घ्यावी, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी द्यावयाची असल्यास तो परिवहन खात्याकडे नोंदलेला आहे की नाही ते पाहावे. डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, गाडी ताब्यात घेतल्याची सूचना अशा नोंदलेल्या व्यापाऱ्यामार्फत कार्यालयात गेली की त्यालाच मालक समजले जाते. किंमत भाच्यापेक्षा थोडी कमी मिळेल. पण ज्याचे विमान आठवड्यावर आले आहे त्याने तो तोटा सोसावा, असे माझे मत आहे.

आलेली रक्कम कोठे जाते, तेही पाहिले पाहिजे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांप्रमाणे नोंदणीकृत भरती-दलालाला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. त्याहून जास्त मागणारा, किंवा "आधी भेटीच्या व्हिसावर जा, तिथे काम मिळेल" असे म्हणणारा माणूस भेटला, तर गाडी विकण्याच्या आधीच थांबावे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखाती देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवास संरक्षकाची परवानगी लागते. त्याबरोबरच प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचे संरक्षण मिळते.

कित्येकजण "आम्ही घरच तिकडे हलविणार" असे म्हणून गाडीबरोबर भांडीकुंडीही काढावयास निघतात. त्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. संयुक्त अरब अमिरातीत बायकामुलांना बोलावून घेण्यासाठी महिना चार हजार दिरहम, किंवा तीन हजार दिरहम आणि राहण्याची जागा, एवढे वेतन असावे लागते. साध्या मजुराला ते क्वचितच मिळते. तेव्हा बिऱ्हाड येथेच राहणार, हे धरून चालावे. त्यानंतर गाडी विकावयाचीच ठरली, तर नव्या मालकाच्या नावाचे नोंदणीपत्र डोळ्यांनी पाहावे, त्याचे छायाचित्र आपल्या भ्रमणध्वनीत ठेवावे, आणि मग विमानाचे तिकीट काढावे.