निळ्या दगडाचे हौशी अभ्यासक

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून निघालेला कॅव्हनसाइट एकदा पाहिला की विसरता येत नाही. काळ्या कातळाच्या पोटात पांढऱ्या स्फटिकांचा थर आणि त्यावर बसलेले गर्द निळे, बारीक सुयांचे गुच्छ. जगात हे खनिज मोजक्याच ठिकाणी मिळतं, आणि त्याचे सर्वांत देखणे नमुने आपल्या महाराष्ट्रातले आहेत. शोभेचा दगड म्हणून परदेशातल्या दिवाणखान्यांत तो मानानं मांडला जातो. मला मात्र त्याच्या किमतीपेक्षा त्याच्या अभ्यासाची हकीकत अधिक मोलाची वाटते. या हकीकतीत पदरमोड करून दगडांमागे हिंडणारी माणसं जागोजागी भेटतात.

मी अष्टमीचा. कुंडलिकेवरच्या पुलाच्या एका टोकाला रोहा, दुसऱ्या टोकाला आमचं गाव. नोकरी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे पहिल्याच आठवड्यात एक शिस्त लागली: ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, ती बाटली तपासायची नाही, सरळ बाजूला काढायची. आत काहीही असो, कुठून आलं ते माहीत नसेल तर तपासणीच्या आकड्याला अर्थ नाही. पुढे दगडांचा नाद लागला, तेव्हा हीच शिस्त कामी आली.

आपला सगळा रायगड जिल्हा लाव्हाच्या थरांवर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश या दगडानं व्यापलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं, दगडातली द्रव्यं विरघळवून घेत गेलं आणि पोकळीच्या भिंतीवर स्फटिकांच्या रूपानं सोडत गेलं. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट ही मंडळी अशी जन्मली. काही स्फटिक तर लाव्हा निवल्यावर कोट्यवधी वर्षांनी तयार झाले आहेत. खडीसाठी सुरुंग लागतो, कातळ फुटतो, तेव्हा त्या पोकळीत पहिल्यांदा उजेड शिरतो. ती पाहणारा पहिला माणूस खाणीतला कामगार असतो. जगातल्या कुठल्याही संग्रहालयातल्या लेबलवर त्याचं नाव नसतं, आणि ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कॅव्हनसाइटची नोंद मात्र आपल्याकडे पहिल्यांदा झाली नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, ओवायही धरणाच्या परिसरात, १९६०च्या दशकात दगड गोळा करणाऱ्या एका हौशी जोडप्याला हा निळा कण दिसला. ओळख पटेना, म्हणून तो अभ्यासकांकडे गेला. १९७३ साली स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे या तिघांनी त्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध केलं. त्या एका निबंधात दोन नवी खनिजं होती, कॅव्हनसाइट आणि पेंटागोनाइट. दोन्हींत कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी अगदी त्याच प्रमाणात; फरक फक्त अणूंच्या मांडणीत. ते जोडपं निळा रंग पाहून पुढे निघून गेलं असतं, तर हा शोध आणखी किती वर्षं रेंगाळला असता कोण जाणे.

मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीचे नमुने बाहेर पडू लागले आणि संग्राहकांचे डोळे दिपले. ओरेगॉनचे कण भिंगाखाली पाहायचे, वाघोलीचे गुच्छ हातभर अंतरावरून दिसतात. भूवैज्ञानिक रुस्तम कोठावाला यांनी १९९१ साली ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’मध्ये या जागेवर लेख लिहिला. हे नियतकालिक कसं उभं राहिलं, तेही सांगण्यासारखं आहे. जॉन व्हाइट यांनी १९७० साली ते सुरू केलं आणि पैशाचं पाठबळ दिलं आर्थर माँटगोमेरी या संग्राहकानं. २००३ साली त्यातच बर्टहोल्ड ओटेन्स या जर्मन संग्राहकाचा दख्खनच्या खनिजांवरचा विस्तृत लेख आला. महाराष्ट्रातल्या कोणत्या गावच्या खाणीत काय निघतं याची इतकी तपशीलवार यादी एका जर्मन माणसानं केली, हे वाचून मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. आपल्याकडेही काम झालं. १९७४ साली सुखेशवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या या खनिजांवर निबंध लिहिला, आणि १९९४ साली फडके आणि आपटे यांनी वाघोलीचा कॅव्हनसाइट तापवल्यावर त्यात काय बदल होतात ते तपासलं. पण अशा प्रत्येक कामाला नमुना लागतो, आणि तो कुणीतरी खाणीतून वेळेवर उचलून ठेवलेला असावा लागतो. खाण थांबत नाही. आज दिसलेली पोकळी उद्या खडी होऊन रस्त्यावर पडलेली असते.

हौसेनं दगड जमवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. नागपूरला १८४५ पासून काम करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप शाळा सांभाळून उरलेल्या वेळात दगड आणि जीवाश्म गोळा करत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आला. त्यांनी जमवलेल्या नमुन्यांत एक गवती हिरव्या रंगाचा कॅल्साइट होता. डब्लिनच्या सॅम्युएल हॉटन यांनी तो तपासून १८५९ साली त्याला हिस्लॉपाइट हे नाव दिलं. कॅल्साइटमध्ये अडकलेल्या हिरव्या खनिजामुळे तो रंग येतो, त्यामुळे आज त्याला वेगळं खनिज मानत नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले.

आमच्या परिसरात वाघोलीसारखी निळाई नाही. पण कोलाडच्या बाजूला महामार्गासाठी डोंगर कापले, खाणी चालू राहिल्या, आणि कापलेल्या कातळात पोकळ्या दिसू लागल्या. बऱ्याच पोकळ्यांना आतून हिरवट लेप असतो, वर गारगोटी किंवा स्टिल्बाइट, आणि सर्वांत वर कॅल्साइट. हा क्रम म्हणजेच त्या पोकळीचा इतिहास. खाली असेल ते आधी आलं, वर असेल ते नंतर. वाघोलीतही निळे गुच्छ स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटवर बसलेले असतात, म्हणजे व्हॅनेडियम घेऊन येणारं पाणी उशिरा आलं. आपल्या काळ्या दगडात व्हॅनेडियम सगळीकडे असतं, दहा लाख भागांत काहीशे भाग. मग निळा दगड त्या मोजक्या खाणींतच का? याचं उत्तर शोधायला क्रम शाबूत असलेले नमुने हवेत. आणि नेमका हाच क्रम बाजार मोडतो. दगड विकायला काढताना वरचा कॅल्साइट आम्लानं विरघळवून टाकतात, म्हणजे खालचे स्फटिक खुलून दिसतात. निळे गुच्छ निखळले तर दुसऱ्याच दगडावर डिंकानं चिकटवतात. असा नमुना कपाटात शोभतो, अभ्यासाला निरुपयोगी ठरतो.

सापडलेले दगड ओळखण्यासाठी आम्ही चार-पाच मित्र वर्गणी काढतो. साध्या ओळखी घरीच होतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग, चाकू, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. फेसाळलं तर बहुतेक कॅल्साइट. ॲपोफिलाइटचा सपाट माथा मोत्यासारखा चमकतो, तोही ओळखू येतो. पण पांढऱ्या सुयांचा झुबका आला की डोळा थकतो. स्कोलेसाइट, मेसोलाइट, नॅट्रोलाइट, मॉर्डेनाइट सगळे सारखेच दिसतात. मग चिमूटभर पूड क्ष-किरण तपासणीला पाठवावी लागते आणि तिथे वर्गणी खर्ची पडते. पैसे जातात, पण उत्तर आलं की वहीत त्या खाणीसमोर एक पक्की ओळ लिहिता येते. पुढच्या कुणाला तरी तिथून सुरुवात करता येईल.

मोठ्या प्रमाणावर जतन कसं होतं ते पाहायचं असेल तर सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय पाहून या. नौदलातून आलेल्या के. सी. पांडे यांनी स्वतःच्या संग्रहातून ते उभं केलं. मुलांना घेऊन जा.

आणि एक काम प्रत्येकाला करता येईल. विहीर खणताना, घराचा पाया काढताना, रस्ता रुंद होताना दगडात स्फटिक दिसला तर धुऊ नका, घासू नका, आम्ल तर लावूच नका. सुरुंग लागत असेल तिथे जाऊ नका आणि खाणवाल्याची परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. आधी जागेवर फोटो काढा. मग कागदावर गाव, खाणीचं किंवा शेताचं नाव, तारीख, जमिनीपासूनची खोली आणि दगड दाखवणाऱ्या कामगाराचं नाव लिहा. स्फटिकाबरोबर मूळ काळ्या दगडाचा तुकडा राहू द्या. दोन तुकडे मिळाले तर एक घरी ठेवा आणि दुसरा, त्या कागदासकट, जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला नेऊन द्या.