कृष्णधवल पडद्यावरचा काळोख

काळोखावर उभा राहणारा गुन्हेपट, म्हणजे ‘फिल्म न्वार’, मराठीत सर्वांत जवळून भेटतो तो राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४). जयंत देवकुळे यांची कथा, काशिनाथ घाणेकर आणि दुहेरी भूमिकेत अभिनेत्री भावना. वकिलाची पत्नी वारलेली असते आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर येते. पुढे राज खोसला यांनी हीच कथा ‘मेरा साया’त (१९६६) रंगीत केली. गुरुदत्त यांच्या ‘बाजी’वर साहाय्यक राहिलेल्या आणि ‘सी.आय.डी.’ दिग्दर्शित केलेल्या खोसलांना सावलीचा खेळ पुरता ठाऊक होता. तरीही रंगात संशयाची धार बोथट झाली.

नाशिकला १९१३ पासून दादासाहेब फाळके उन्हाच्या उजेडात चित्रण करत. न्वारची शैली त्याच्या नेमकी उलट: अंधारातून हवा तेवढाच चेहरा दिव्याने बाहेर काढायचा. मात्र कॅमेऱ्याने कमावलेला हा काळोख प्रेक्षकापर्यंत पोचवणे प्रोजेक्टरच्या केबिनमधल्या ऑपरेटरच्या हाती असे.

पांढऱ्या पडद्यावर काळा रंग टाकता येत नाही. तिथे प्रकाश अडवावा लागतो. कृष्णधवल प्रिंटमध्ये चांदीचे कण हे काम करतात. एकपडदा चित्रगृहांतल्या जुन्या प्रोजेक्टरमध्ये दिव्याऐवजी कार्बनच्या दोन कांड्या असत. एकदिश प्रवाहाने त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटे आणि मागचा आरसा तो प्रखर उजेड फिल्मवर एकवटे. कांड्या जळून झिजत, म्हणून त्यांच्यातले अंतर सतत राखावे लागे. ते चुकले की उजेड पिवळा पडे, पडद्याची एक बाजू मंदावे. रंगीत गाण्यात हे एखाद्या वेळी खपून जाई. न्वारमध्ये मात्र काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटाच बुडत आणि कोपऱ्यात उभा असलेला माणूस दिसेनासा होई.

३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते, म्हणजे हजार फुटांचे रीळ साधारण ११ मिनिटांत संपते. त्यामुळे दोन प्रोजेक्टर लागत. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात खुणेचा ठिपका उमटला की ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी. हे कसब प्रेक्षकाला कधी जाणवत नसे, आणि तीच त्याची कसोटी होती.

पुढे कार्बनची जागा झेनॉन दिव्याने घेतली, मग डिजिटल यंत्र आले. रिळे बदलण्याचा प्रश्न त्याने सोडवला. पण त्यातून थोडा प्रकाश काळ्या जागीही झिरपतो. त्यामुळे आज जुना न्वार दाखवताना सभागृहातला अंधार, दारांवरचे जाड पडदे आणि दिव्यांचे झाकलेले कोन यांची काळजी प्रोजेक्टरइतकीच घ्यावी लागते.