विरुंगाच्या धुक्यातील कुटुंबे

आफ्रिकेचे नाव काढताच आपल्या डोळ्यांपुढे अफाट गवताळ मैदाने आणि झुडपांच्या सावलीत पहुडलेले सिंह उभे राहतात. परंतु त्याच खंडाच्या मध्यभागी, विषुववृत्तापासून जवळच, एक थंड व धुक्याने वेढलेली पर्वतराजी आहे. तिचे नाव विरुंगा. रवांडा, युगांडा व काँगो या तीन देशांच्या सीमांवर पसरलेल्या या आठ ज्वालामुखींपैकी कारिसिम्बी हे शिखर ४,५०० मीटरहून अधिक उंच आहे.

डोंगरी गोरिलाचे हे माहेरघर. विज्ञानाला त्याची ओळख झाली ती बंदुकीमुळे. १९०२ साली साबिन्यो पर्वतावर एका जर्मन अधिकाऱ्याने दोन गोरिला मारले. १९२५ साली तेव्हाच्या बेल्जियन काँगोत या प्राण्यासाठी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तरीही तो क्रूर राक्षस असल्याचा समज कायम राहिला. १९५९ साली जॉर्ज शॅलर हे तरुण शास्त्रज्ञ येथे आले. पुढे आपल्या कान्हाच्या अरण्यात वाघांचा अभ्यास करणारे शॅलर ते हेच. हा शाकाहारी प्राणी लाजाळू व कुटुंबवत्सल आहे, हे त्यांनी दाखवून दिले. रुपेरी पाठीचा वयस्क नर हा कुटुंबाचा कर्ता. दिवसभर पाने व बांबूचे कोंब खावेत, पोरांनी आईच्या पाठीवर बसून हिंडावे, सायंकाळी पाल्याची नवी शेज रचावी, असा त्यांचा संसार.

पण वाचकहो, या अरण्याच्या पायथ्याशी माणसांचेही संसार आहेत. ज्वालामुखीची माती सुपीक, म्हणून बटाट्याची शेते थेट झाडीला भिडलेली. रानरेडे पिके तुडवीत, आणि हरणांसाठी लावलेल्या फासांत गोरिलांचे हात अडकत. कीटकनाशक देणाऱ्या पायरेथ्रमच्या फुलांसाठी रवांडातील उद्यानाची मोठी जमीनही गेली. १९८१ च्या सुमारास विरुंगात अवघे अडीचशे गोरिला उरले होते.

मग पहारा वाढला आणि पर्यटनाला शिस्त लागली. आज पाहुण्यांच्या एका तुकडीत आठच माणसे असतात, आणि भेट एका तासाची. आपली साधी सर्दीही गोरिलाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून अंतर राखावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, २००५ पासून रवांडाने उद्यानाच्या उत्पन्नाचा काही वाटा भोवतालच्या गावांना देण्यास आरंभ केला. २०१७ साली तो दहा टक्के झाला. त्यातून शाळा उभ्या राहिल्या, पाण्याची सोय झाली. रानरेडे शेतात उतरू नयेत म्हणून उद्यानाच्या कडेने दगडी बांधही घातलेला आहे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत विरुंगातील गोरिलांची संख्या ६०४ भरली. हे यश स्वस्तात मिळालेले नाही. काँगोच्या बाजूला सशस्त्र टोळ्यांशी झुंजताना शंभराहून अधिक वनरक्षकांनी प्राण वेचले आहेत.

अरण्याची राखण केवळ कुंपणाने होत नाही. कुंपणालगत राहणाऱ्या शेतकऱ्याला ते अरण्य आपले वाटले, तरच ते टिकते. आपल्या देशातही अभयारण्यांच्या सीमेवर गावे आहेत. विरुंगाची ही कहाणी त्यांच्याही विचाराची आहे.