मधाचा चमचा, साखरेचा चमचा

“डॉक्टरसाहेब, वर्ष झालं साखर सोडून. तरी रिपोर्ट काही खाली येईना.” गेल्या महिन्यात दवाखान्यात आलेल्या एका मावशींची ही तक्रार. चहा बिनसाखरेचा, सणावारी गोड बंद. बोलता बोलता कळले की सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मध आणि संध्याकाळी भाकरीबरोबर चार चमचे काकवी रोज चालू होती. “मध-काकवी म्हणजे साखर थोडीच?” असे त्यांनी मलाच विचारले.

आपल्या भागात कालव्याचे पाणी आले, ऊस आला. त्यामुळे काकवीची बरणी घरोघरी असते. पण ती मोजायची कशी, हे फारसे कुणाला माहीत नसते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम. त्यामुळे सगळेच द्रव पदार्थ असे असतील, असे आपण धरून चालतो. वाटीभर साखर वाटीभर पाण्यात विरघळवून पाहा. पाक दोन वाट्या होत नाही, दीड वाटीच्या आसपासच होतो. जागा कमी लागली, पण वजन एक गुंजही घटले नाही. म्हणून पाक पाण्यापेक्षा जड असतो. मध पाण्याच्या साधारण 1.4 पट जड असतो. काकवी 1.3 ते 1.4 पट, जशी ती पातळ-घट्ट असेल तशी. तेल मात्र पाण्याहून हलके, सुमारे 0.92 पट.

हिशेब असा करावा : मिलिलिटरला 1.4 ने गुणले की मधाचे ग्रॅम मिळतात. ग्रॅमला 1.4 ने भागले की मिलिलिटर. पाककृतीत 200 ग्रॅम मध लिहिला असेल, तर मापाच्या भांड्याने सुमारे 143 मिलिलिटर घ्यावा. काकवीसाठी घरीच खात्री करा. रिकामी वाटी तोला, मग काठोकाठ पाण्याने भरून तोला, पुसून काकवीने भरून तोला. दोन्ही वेळा वाटीचे वजन वजा करा आणि काकवीच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागा. तोच तुमच्या काकवीचा आकडा.

आता मावशींचा हिशेब. पाच मिलिलिटरच्या चमच्यात मध सात ग्रॅम मावतो आणि त्यात सुमारे 80 टक्के साखरच असते, म्हणजे साडेपाच ग्रॅम. साखरेचा सपाट चमचा मात्र चारच ग्रॅमचा! काकवीत पाणी जास्त, तरी चमच्यामागे साडेचार ग्रॅमच्या आसपास साखर येते. दोन चमचे मध आणि चार चमचे काकवी मिळून 29 ग्रॅम झाले, म्हणजे साखरेचे सात चमचे! काकवीत थोडे लोह आहे हे खरे, पण त्यामुळे साखर कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली घालून दिलेल्या मर्यादेतही मध आणि पाक साखरेतच धरले आहेत. 2000 कॅलरी घेणाऱ्या माणसाने दिवसाला 50 ग्रॅमच्या आत राहावे, 25 ग्रॅमच्या आत राहिल्यास उत्तम.

हाच हिशेब कधी उपयोगीही पडतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरली, घाम फुटला, हातपाय कापू लागले, तर शुद्धीवर असताना तीन चमचे मध किंवा चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. तडक दवाखाना गाठावा.

दोन सूचना. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातून क्वचित पण घातक विषबाधा होते. आणि औषधाच्या सिरपला हा 1.4 चा नियम लावू नये. तापाच्या सिरपच्या एका बाटलीत पाच मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत 250. लेबल वाचावे आणि बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे. स्वयंपाकघरातले चमचे लहान-मोठे असतात.

मावशींनी मध बंद केला. काकवी सणापुरती ठेवली आहे, तीही मोजून.