वाँटेजचा मठ आणि रोझेलचे घर

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या मराठी माणसाला तिथल्या एकटेपणात ख्रिस्ती श्रद्धेचा आधार मिळाला, याचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. एप्रिल १८८३मध्ये त्या मुंबईहून इंग्लंडला निघाल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज या गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. योगायोग असा, की त्याच एप्रिलमध्ये कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेली आणि रमाबाईंच्या दूरच्या नात्यातली एक अठरा वर्षांची मुलगी कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसली होती. ती आनंदीबाई जोशी. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, आनंदीबाई झाल्या नाहीत. परदेशात दोघींना सांभाळले मात्र ख्रिस्ती माणसांनीच, त्यामुळे या दोन कहाण्या शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.

रमाबाईंचा एकटेपणा साधा नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत, कुटुंबाला घेऊन तीर्थयात्रा करीत हिंडत असत, त्यामुळे आपले म्हणावे असे गाव त्यांच्या वाट्याला आलेच नाही. दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील आणि बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने दगावले. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्च उभा करून त्या दोन वर्षांच्या मनोरमेसह निघाल्या, तेव्हा परतायचे तर कोणाकडे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. घरच्या ओढीत निदान एक दिलासा असतो, घर जिथल्या तिथे आहे हा. रमाबाईंपाशी तोही नव्हता.

वाँटेजला सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाचा मठ होता. या संघाच्या भगिनी पुण्यात काम करीत असल्याने रमाबाईंशी त्यांची आधीची ओळख होती. भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात राहणे, जेवण आणि इंग्रजीचे शिक्षण घ्यायचे, अशी व्यवस्था ठरली. वैद्यकीय शिक्षणाचा मूळ बेत मात्र कानांच्या दोषामुळे सोडावा लागला. त्यातच काही महिन्यांत मोठा आघात झाला. बरोबर आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. मॅक्समुल्लर यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला त्यांच्या घरी राहिल्या तेव्हा त्या इतक्या हादरलेल्या होत्या, की रात्री त्यांच्या खोलीत एका दासीला झोपावे लागे.

या दिवसांत त्यांना धीर देणाऱ्या गोष्टींत वादविवाद आणि धर्मसिद्धान्त बरेच मागे होते. मठातला दिवस ठरलेल्या प्रार्थनेने बांधलेला असे. सकाळी आणि संध्याकाळी ती त्याच वेळी, त्याच शब्दांत आणि सर्वांसोबत होई. दुःखाने मोडलेल्या माणसाला अशी बांधणी किती उपयोगी पडते, हे प्रार्थना न करणाऱ्यालाही समजू शकते. रमाबाईंनी स्वतः मात्र वेगळाच प्रसंग निर्णायक मानला आहे. लंडनमधल्या फुलहॅम भागात याच भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवीत. पतित म्हणून जिचे नावही घेऊ नये, तिच्याशी इतक्या मायेने वागणारी माणसे रमाबाईंनी आधी पाहिली नव्हती. या मायेचे मूळ कशात आहे, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, ती ही कथा. पुढे नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्रांतून त्यांच्या बौद्धिक शंकांना उत्तरे मिळत गेली. आधी कृती दिसली आणि तर्क नंतर आला, हा क्रम महत्त्वाचा आहे.

आधार मिळाला म्हणून रमाबाईंनी स्वतःला मठाच्या स्वाधीन केले, असे मात्र झाले नाही. भगिनी जेराल्डिन यांना त्या आजीबाई म्हणत आणि त्याच आजीबाईंशी पत्रांतून कडाडून भांडत. १८८४पासून त्या डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवीत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवण्याला चर्चमधल्या वरिष्ठांनी हरकत घेतली, तेव्हा ती त्यांना मुळीच रुचली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त समजल्याशिवाय मान्य करायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही, अंडे घातलेले गोड पदार्थही खाल्ले नाहीत. लॅटिन अक्षरे असलेल्या क्रॉसवरूनही वाद झाला. ती अक्षरे संस्कृतात का नसावीत, हा त्यांचा प्रश्न होता. याला हट्ट म्हणणाऱ्यांनी त्यांची श्रद्धा नीट ओळखलीच नाही. परक्या मुलखात मिळालेला धर्म त्यांना आपल्या ताटात आणि आपल्या भाषेत जगायचा होता. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी त्यांनी घेतलेले कष्ट याच आग्रहातून आले. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले.

आनंदीबाईंची वाट निराळी. पती गोपाळराव यांनी मदतीसाठी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले, तेव्हा धर्मांतराचा विषय निघाला होता. तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता मदत देऊ केली. निघण्यापूर्वी सेरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे जाहीर केले होते. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणू लागल्या. फिलाडेल्फियातले शिक्षण, थंडी आणि ढासळती प्रकृती या सगळ्यांत रोझेलचे घर त्यांचे माहेर झाले. ११ मार्च १८८६ला त्यांना एमडीची पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाईंचे क्षयाने पुण्यात निधन झाले. त्यांच्या अस्थी मावशींकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. ख्रिस्ती श्रद्धेने एका परक्या मुलीला दिलेला हा आधारच होता, आणि त्याची किंमत म्हणून तिचा धर्म मागितला गेला नाही.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून परदेशी जाणाऱ्या मुलांमध्ये ख्रिस्ती घरांतली मुलेही असतात. ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या परिसरात जुनी ईस्ट इंडियन वस्ती आहे. अशा घरातल्या कॅथलिक मुलाला जर्मनीत भाषेचा एक शब्द कळला नाही तरी रविवारच्या मिस्सेत आता काय चालू आहे हे कळते, कारण मिस्सेची रचना आणि त्या दिवसाची वाचने बहुतेक सगळीकडे तीच असतात. ठाण्यात आई जो उतारा सकाळी ऐकते, तोच मुलगा काही तासांनी ऐकतो. प्रोटेस्टंट मंडळींत हे काम स्तोत्रे आणि घरगुती प्रार्थनासभा करतात. बाबेलच्या नद्यांकाठी सियोनेच्या आठवणीने रडणाऱ्या बंदिवानांचे १३७वे स्तोत्र तर घराची ओढ हीच प्रार्थना मानते. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी धर्मगुरू नेमलेले असतात. ते विद्यार्थ्याचा धर्म न विचारता त्याचे म्हणणे ऐकून घेतात आणि निराशा खोल असेल तर समुपदेशकाकडे पाठवतात. मैत्रिणीच्या मृत्यूनंतर रमाबाईंची जी अवस्था झाली, तशा अवस्थेत नुसती प्रार्थना पुरत नाही. सोबत आणि उपचार दोन्ही लागतात.

हीच गरज उलट्या दिशेनेही दिसते. केरळातून नोकरीसाठी महाराष्ट्रात आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांना आपल्या परंपरेतली, आपल्या भाषेतली उपासना हवी होती. त्यांच्यासाठी १९८८मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्याला नाव मिळाले कल्याणचे.