घड उतरला, केळ उरली

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या बागांत घड उतरवला की केळीचा तो खांब पुन्हा कधीच फळत नाही. पुढचे पीक मुनव्यांवर येते. उभा खांब मात्र तोडून बांधावर टाकला जातो. खरे तर तिथेच मोठी कमाई पडलेली असते.

खांब म्हणजे एकमेकांत घट्ट गुंडाळलेली पानांच्या तळाची आवरणे, म्हणजेच सोपटे. यंत्रात घालून ती खरवडली की चिवट, चमकदार धागा निघतो. त्याचे दोर, पिशव्या, चटया, हातकागद होतात. धागा काढताना निघणारा रसही वाया जात नाही: नवसारी कृषी विद्यापीठाने त्यापासून पिकांसाठी ‘नोवेल’ हे द्रवरूप खत तयार केले आहे. उरलेल्या चोथ्याचे गांडूळखत होते.

आतला पांढरा गाभा भाजीचा. केळफुलाची भाजी कोकणात आवडीने होते. कच्च्या केळ्यांचे वेफर्स आणि पीठ बाजारात खपते.

पानावर जेवणावळी उठतात, पानातच पानगी भाजली जाते. सत्यनारायणाच्या चौरंगाला तर केळीचे खुंटच लागतात.

जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता गावोगावच्या शेतकरी गटांनी धागा काढण्याचे यंत्र सामाईक घ्यावे आणि खांबाचाही भाव वसूल करावा.