फिशटँकचा हीटर घेताना

ग्वाल्हेरची थंडी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना इथे एक रात्र काढेपर्यंत खरी वाटत नाही. जानेवारीत रात्रीचा पारा ५-६ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो, आणि धुक्याचे दिवस लागले की दुपारीसुद्धा घर तापत नाही. लष्करमधल्या जुन्या, जाड भिंतींच्या घरांत बंद खोलीतही १३-१४ अंशच असतात. आपण रजई ओढून घेतो. माशांना ती सोय नाही. त्यांच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर खाली-वर होते. गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल, फायटर हे सगळे उष्ण प्रदेशातले मासे, त्यांना साधारण २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. ते फार गार झाले की मासे खाणे सोडतात, तळाशी बसून राहतात आणि अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग पाठोपाठ येतो.

टँकमध्ये फक्त गोल्डफिश असतील तर हीटर घेऊच नका. तो थंड पाण्याचाच मासा आहे. दुकानदार विकेल, पण गरज नाही.

मंडळातल्या बऱ्याच घरांत नातवंडांच्या हट्टापायी टँक आले आहेत आणि दिवाळी झाली की हीटर कोणता घ्यावा, अशी विचारणा आमच्याकडे होते. आम्ही बरीच वर्षे मासे पाळत आलो, पण उमेदीची वर्षे बँकेत गेली. त्यामुळे कुठल्याही वस्तूची आधी जोखीम पाहायची आणि मग किंमत, ही सवय काही सुटत नाही. हीटरच्या बाबतीत जोखीम दोन आहेत. एक माशांच्या जिवाची आणि दुसरी पाण्यात हात घालणाऱ्या माणसाच्या जिवाची.

आधी माशांचे. हीटर बिघडला म्हणजे बंद पडला, असे बहुतेकांना वाटते. बंद पडलेला हीटर त्यातल्या त्यात बरा, कारण पाणी सावकाश थंड होते आणि सकाळी लक्षात येते. घात करतो तो चालूच राहिलेला हीटर. साध्या काचेच्या हीटरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. पाणी तापले की ती वाकते आणि जोड सुटतो, गार झाले की पुन्हा जुळतो. दर वेळी तिथे बारीक ठिणगी उडते. हजारो वेळा असे झाल्यावर जोडाची टोके कधी कधी एकमेकांना चिकटून बसतात. मग बटण कितीवरही ठेवा, वीज चालूच राहते.

आता हिशेब. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टँकमध्ये प्रत्यक्षात ५० लिटरच्या आसपास पाणी बसते. (सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून १०००ने भागले की लिटर मिळतात.) इतके पाणी १ अंशाने तापवायला ३०० वॉटच्या हीटरला १२ मिनिटे पुरतात, १०० वॉटच्या हीटरला ३५ मिनिटे लागतात. हवेत जाणारी उष्णता वजा धरली तरी ३०० वॉटचा हीटर रात्री चिकटला तर सकाळपर्यंत पाणी ३५ अंशांच्या पुष्कळ वर गेलेले असेल. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. ओळखीच्या एका घरी नेमके हेच झाले. 'थंडी फार आहे, मोठाच द्या' असे सांगून आणलेला हीटर होता आणि एकही मासा वाचला नाही.

म्हणून मोठा हीटर म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज आधी सोडावा. खोलीपेक्षा ५-६ अंशच वाढवायचे असतील तर लिटरमागे १ वॉट पुरतो. आपल्याकडे ११-१२ अंश वाढवावे लागतात, तेव्हा लिटरमागे २ वॉट धरावेत. म्हणजे वरच्या टँकला १०० वॉट. खोक्यावरचा तक्ता बहुधा उबदार खोली गृहीत धरून केलेला असतो, त्यावर विसंबू नये.

त्यातही १०० वॉटचा एक घेण्यापेक्षा ५० वॉटचे दोन घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ५० वॉटचा एकटा हीटर अशा टँकचे पाणी खोलीपेक्षा फार तर ७-८ अंशांनी वर नेतो. एक चिकटला तरी तो एकटा १४ अंशांच्या खोलीत पाणी २१-२२ अंशांच्या वर नेऊ शकत नाही, आणि दुसरा ठरवलेले तापमान आले की आपोआप थांबतो. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर मासे तग धरतात. दोन्ही चालू असले तरी एकूण वॉट तेवढेच, म्हणजे विजेचे बिल वाढत नाही. १०० वॉट पूर्ण दिवस चालले तर २.४ युनिट होतात. टँकवर झाकण असेल तर हीटर मध्ये मध्ये थांबतो आणि वापर बराच कमी होतो.

महागाचे मासे असतील तर बाहेरून लावायचा तापमान नियंत्रक घ्यावा. बँकेत कॅशच्या तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात, तसाच हा प्रकार. हीटर २५ वर ठेवायचा, नियंत्रक २७ वर. एकाने दगा दिला तर दुसरा वीज तोडतो. नियंत्रकाची संवेदक वायर मात्र पाण्याबाहेर पडता कामा नये.

आता माणसाचे. टँकमध्ये हात घालणारा बहुधा हीटर विकत घेणारा नसतो. काच पुसणारी घरातली बाई असते, कामाला येणाऱ्या मावशी असतात, नाहीतर पडलेला शंख उचलू पाहणारे लहान मूल असते. काच तडकलेली असेल तर त्या पाण्यात २३० व्होल्ट उतरलेले असतात. 'आमच्याकडे एमसीबी आहे' हे उत्तर इथे चालत नाही. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर पडतो. माणसाच्या शरीरातून जाणारा, जिवावर बेतणारा प्रवाह इतका थोडा असतो की त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. इलेक्ट्रिशियन त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये तो सहसा नसतो, कित्येक ठिकाणी अर्थिंगही नसते. दोन्ही तपासून घ्या. हीटरच्या दुप्पट-तिप्पट खर्च आला तरी तो टाळू नये. आरसीसीबीवर 'टेस्ट' लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आणि आरसीसीबी असला तरी नियम एकच: पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. टँकवर चिठ्ठी चिकटवा, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल त्या भाषेत. वायर सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर प्लगकडे जाईल अशी ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी खालीच ठिबकते. एक्सटेन्शन बोर्ड टँकखाली जमिनीवर ठेवू नये. बादलीत पाणी तापवायचा रॉड टँकमध्ये 'पाचच मिनिटे' घालणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. हजार-दीड हजार वॉटचा तो रॉड त्या कामासाठी नाही.

काच तडकते ती बहुधा पाणी बदलताना. पातळी उतरते, चालू हीटर उघडा पडतो आणि मग त्यावर गार पाणी ओततात. प्लग काढून १५-२० मिनिटे थांबावे, मगच पाणी उपसावे. हीटरवरची किमान पातळीची खूण नेहमी पाण्याखाली असावी. क्वार्ट्झ काचेचे हीटर असा धक्का जास्त सोसतात. मोठे, धडका देणारे मासे असतील तर न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणाचे घ्यावेत.

आणलेला हीटर लगेच टँकमध्ये घालू नका. मुलांपासून दूर, पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीत २४ तास चालवा, शेजारी थर्मामीटर ठेवा. थर्मामीटर वाचतानाही पाण्याला हात लावू नका. बटणावरचा आकडा आणि खरे तापमान यांत १-२ अंशांचा फरक सर्रास निघतो. टँकमध्ये हीटर फिल्टरच्या प्रवाहाजवळ आणि थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावावा. बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी खोलीच्या हवेनेही बदलते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. लाइट गेली तर टँकभोवती जुनी रजई गुंडाळावी, वरून हवा खेळती ठेवावी. इन्व्हर्टरवर हीटरऐवजी हवेचा पंप चालवावा, तो काही वॉटच घेतो.

होळीच्या सुमारास हीटर काढून ठेवा. खोलीच ३० अंशांवर गेली की ५० वॉटचा चिकटलेला हीटरही माशांना जड जातो. काचेवर जमलेला पांढरा क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून निघतो. पुढच्या दिवाळीत लावण्यापूर्वी वायर उंदरांनी कुरतडली आहे का आणि वरच्या रबराला चिरा गेल्या आहेत का ते पाहा. नळीच्या आत पाण्याची वाफ धरलेली दिसली तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता तो हीटर फेकून द्या, आणि फेकण्याआधी वायर कापा, म्हणजे दुसरा कोणी तो उचलून लावणार नाही.